मला घरी पाठवू नका

माझं नाव शालन. मी शिवणकाम शिकवते, मला दोन मुलं आहेत, आणि एकदा मी स्वतःचा जीव द्यायचा प्रयत्न केला होता. ही तिन्ही वाक्यं एका दमात म्हणायला मला फार काळ लागला. पहिली दोन लगेच जमायची, तिसऱ्यापाशी मी थांबायची.

तो प्रयत्न मी कसा केला, ते इथं लिहिणार नाही. ते वाचून कुणाचं भलं होत नाही. त्याच्या आधी काय झालं आणि नंतर काय झालं, ते मात्र सगळं लिहिणार आहे. त्यातलं बरंचसं मला कुणीतरी वेळेवर सांगायला हवं होतं.

आजार आला तेव्हा

माझं सासर सातारा जिल्ह्यात, कोरेगावच्या बाजूला. थोडा ऊस, थोडा घेवडा, दावणीला दोन म्हशी. आमचे हे पलटणीत हवालदार, वर्षातून एकदा सुट्टीवर यायचे. बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या पावसाळ्यात मला दुसरं मूल झालं, मुलगी. बाळंतपण सुखरूप झालं. मुलगी गुटगुटीत होती, थोरला बबन अंगणात धावत होता, पाऊसही त्या साली बरा होता. रडावं असं काही नव्हतं. हीच माझी मोठी अडचण झाली, कारण काय होतंय असं विचारलं की मला सांगता येत नसे.

आधी झोप गेली. मग भूक गेली. मग चव, मग राग, मग मायासुद्धा. मुलगी रडली की मी तिला पाजायला घ्यायची, पण कुणा शेजारणीचं मूल मांडीवर आहे असं वाटायचं. भाकरी थापताना हात परातीतच थांबायचे आणि तवा जळून धूर झाला तरी मला कळायचं नाही. अंगात एवढा जडपणा, की उंबऱ्यातून बाहेर पडायचं म्हणजे घाट चढायचा.

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, वाईट नव्हत्या. हे मुद्दाम सांगते, कारण अशी गोष्ट ऐकली की लोक आधी सासूकडं बघतात. त्यांनी माझ्यासाठी डिंकाचे लाडू केले, नजर काढली, देवऋष्याकडं नेलं. "आगं, काय हुतंय ते सांग की. दुखतंय का कुठं?" असं त्या दहादा विचारायच्या. दुखत कुठंच नव्हतं. मी म्हणायची, "काय न्हाई."

हळूहळू माझ्या डोक्यात एक विचार पक्का बसला, की मी नसले तर या घराचं बरं होईल. मुलांना चांगली आई मिळेल, आत्याबाईंचा ताप वाचेल, यांना दुसरी चांगली बायको मिळेल. आज हे लिहिताना त्यातला खोटेपणा मला स्वच्छ दिसतो. तेव्हा तो विचार मला माझ्या आयुष्यातला सगळ्यात समंजस विचार वाटत होता. ज्यांच्या घरी असं माणूस आहे त्यांनी हे समजून घ्यावं. ते माणूस तुम्हाला सोडून जायला निघालेलं नसतं, ते स्वतःच्या हिशेबानं तुमची सोय करत असतं.

चुकून

शेजाऱ्यांनी वेळेवर पाहिलं म्हणून मी वाचले. साखर कारखान्याच्या जीपमधून मला जवळच्या दवाखान्यात नेलं. डोळे उघडले तेव्हा पहिला आवाज ऐकला तो एका नर्सबाईंचा. "एवढी सोन्यासारखी लेकरं टाकून निघाली होतीस व्हय गं? काळीज हाय का दगड?"

खाटेच्या पायथ्याशी एक हवालदार बसले होते, पोलिसांतले. तेव्हा कायद्यानं हा गुन्हा होता. वाचलेल्या माणसाचा जबाब व्हायचा. माझे मामंजी हात जोडून त्यांना सांगत होते, "चुकून झालं हो सायेब. अंधारात तिला कळलं न्हाई."

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. "चुकून ना?"

मी मान हलवली. सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. हवालदार उठून चहाला गेले. त्या एका शब्दानं घराची अब्रू वाचली, मामंजींची कोर्टकचेरी वाचली. पण चुकून झालेल्या गोष्टीला औषध कसलं द्यायचं? शरीर सुधारलं आणि मला घरी पाठवलं. निघताना डॉक्टर मामंजींना एवढंच म्हणाले, "लक्ष ठेवा."

कशावर ठेवायचं, ते कुणी सांगितलं नाही. घरी आल्यावर आत्याबाई दाराला आडव्या झोपू लागल्या. मी परसात गेले तरी कुणीतरी मागं यायचं. सगळे माझ्यावर नजर ठेवून होते आणि माझ्याशी बोलत होते ते म्हशीच्या दुधाबद्दल. झालेल्या गोष्टीचं नाव कुणी काढलं नाही. त्या शांततेत मला वाटायचं, आपण मेलोच आहोत, फक्त घरच्यांना कळवलेलं नाही.

सांगलीला

पुढं मामंजींनी मला माहेरी सांगलीला पाठवलं. बबन आत्याबाईंजवळ राहिला, मुलगी माझ्याबरोबर. माझे वडील, अण्णा, हळदीच्या पेठेत मापाडी होते. पोती तोलून तोलून त्यांचे तळहात, नखं, धोतराची किनारसुद्धा पिवळी झालेली असायची. अण्णा फार कमी बोलत. आई बोलायची ते सगळं जेवणाबद्दल.

माहेरी थोडे दिवस बरे गेले. मी मुलीला न्हाऊ घालू लागले, एकदा हसलेसुद्धा. आईनं सासरी सांगावा धाडला, पोर सुधारली. आणि मग ते पुन्हा आलं. तेव्हा मला ठाऊक नव्हतं, की हा आजार असा फसवा असतो, उतार पडल्यासारखा दाखवतो आणि परत फिरतो.

एका दुपारी मी मुलीची लंगोटी वाळत घालत होते आणि माझ्या लक्षात आलं, की मी मनातल्या मनात बेत करते आहे. याआधी नुसतं मरावंसं वाटायचं. आता मन कधी, कुठं, घरात कोण असेल याचा विचार करत होतं, आणि तोही सणाची तयारी करावी तसा शांतपणे. त्या शांतपणाची मला भीती वाटली. कितीतरी महिन्यांनी मला कशाची तरी भीती वाटली. आज मी तिला देवाची कृपा म्हणते.

मी मुलीला आईच्या मांडीवर दिलं. अण्णा जेवायला आले होते, हात धूत होते. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"अण्णा, मला दवाखान्यात न्या."

"का गं? काय हुतंय?"

"मला मरावंसं वाटतंय. परत."

आईनं तोंडाला पदर लावला. अण्णांच्या हातावरचं पाणी तसंच गळत होतं. मला वाटलं आता ओरडतील, नाहीतर रडतील. त्यांनी धोतराला हात पुसले, खुंटीवरची टोपी घातली आणि म्हणाले, "चल."

ताट तसंच वाढलेलं राहिलं.

बाकडं

सांगलीतल्या त्या मोठ्या दवाखान्याचं नाव मी लिहीत नाही. तिथं जे झालं ते तेव्हा कुठंही झालं असतं.

केसपेपर काढणारा म्हणाला, "आजार काय लिहू?" अण्णांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, "डॉक्टरांना सांगते."

ओपीडीत एक तरुण डॉक्टर होते, डॉक्टर पेंडसे. नुकतेच शिकून आलेले, कोट अजून कडक. त्यांनी नाडी पाहिली, रक्तदाब पाहिला, डोळ्यांखालची कातडी ओढून पाहिली. "थोडा अशक्तपणा आहे. टॉनिक देतो."

"मला जीव द्यावासा वाटतोय," मी म्हटलं. "याआधी एकदा केलंय मी. घरी गेले तर परत करीन. मला इथं ठेवून घ्या."

त्यांच्या हातातलं पेन थांबलं. बाजूला उभ्या असलेल्या सिस्टरकडं त्यांनी पाहिलं. त्या सालोमी सिस्टर, बायकांच्या वॉर्डच्या मुख्य. उंच, काळ्यासावळ्या, आवाज असा की शेवटच्या खाटेपर्यंत जायचा.

"असं बोलू नका हो," डॉक्टर म्हणाले. "पोलिसांपर्यंत जाईल. घरी जा, विश्रांती घ्या. देवाचं नाव घ्या."

सिस्टर म्हणाल्या, "बाई, आजाऱ्यास्नी खाटा पुरंनात. चालत्या-बोलत्या माणसाला कुठनं देऊ?"

त्यांचं काही खोटं नव्हतं. व्हरांड्यात सतरंज्यांवर माणसं पडली होती. मला ताप नव्हता, जखम नव्हती, रक्त नव्हतं. मी खोलीतून बाहेर आले आणि समोरच्या लाकडी बाकड्यावर बसले.

"मी घरी जाणार नाही," मी म्हटलं.

वॉर्डबॉय आला, उठवू लागला. माझ्या अंगात उठायचीही ताकद नव्हती आणि त्या दिवशी ते माझ्या उपयोगी पडलं. मग तो अण्णांना म्हणाला, "बाबा, तुमी तर सांगा की तिला."

अण्णा आयुष्यात कुणा साहेबासमोर आवाज चढवून बोललेले नव्हते. तेव्हाही त्यांनी आवाज चढवला नाही. "ती म्हणत्या न्हवं, घरी न्हाई जायचं म्हणून? मग न्हाई जायचं." आणि ते माझ्या शेजारी बसले.

ओपीडी संपली. माणसं पांगली. फरशी पुसायला मावशी आल्या. सालोमी सिस्टर पुन्हा आल्या आणि कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"उठा. फरशी पुसायची हाय."

"पुसा," मी म्हटलं. "मी पाय वर घेते."

मी पाय वर घेतले. अण्णांनीही घेतले. दोघं बाकड्यावर मांडी घालून बसलो, कीर्तनाला बसल्यासारखे. सिस्टरच्या तोंडाचा कोपरा जरा हलला. त्या आत गेल्या आणि थोड्या वेळानं डॉक्टर पेंडसे बाहेर आले. अंगावर कोट नव्हता. ते आमच्याशेजारी त्याच बाकड्यावर बसले.

"जीव द्यायचा विचार आत्ता, या क्षणी मनात आहे का?" त्यांनी विचारलं.

एवढे महिने गेले होते. देवऋष्यापासून हवालदारापर्यंत कुणी मला हा प्रश्न विचारला नव्हता.

"आहे."

"कसं करायचं, ते ठरवलंय?"

"हो."

ते रागावले नाहीत. त्यांचा आवाज थोडा कापत होता, तरी त्यांनी तो लपवला नाही. "हे बघा, या आजाराचं मला फारसं शिक्षण नाही. पण तुम्हाला आज घरी पाठवणं मला बरोबर वाटत नाही. मनाच्या आजाराचे डॉक्टर आठवड्यातून एकदा इथं येतात. ते येईपर्यंत तुम्ही आमच्याजवळ राहा."

अण्णांनी टोपी काढली आणि त्यात तोंड लपवलं. माझे वडील रडलेले मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले.

वॉर्डात

मला सिस्टरच्या टेबलाजवळची खाट मिळाली. तिथली बाई कोपऱ्यात हलवली म्हणून तिनं मला दिवसभर शिव्या दिल्या.

पहिल्या संध्याकाळी एका नर्सनं माझं गाठोडं सोडलं, अंगावरच्याही काही वस्तू काढल्या आणि एक शब्द न बोलता घेऊन गेली. का, ते मला कळत होतं. तरी चोरीच्या मालासाठी झडती घ्यावी तसं वाटलं. सकाळी मी सालोमी सिस्टरना म्हटलं, "घ्या तुम्ही. पण सांगून घ्या."

त्यांनी माझ्याकडं रोखून पाहिलं. मला वाटलं आता आवाज शेवटच्या खाटेपर्यंत जाणार. पण त्या स्टूल ओढून बसल्या. "बरं. सांगते. तुझं मन सध्या तुझं वैरी झालंय. त्येच्या हाताला काय लागू नये म्हणून आमी ह्या वस्तू ठेवून घेतोय. तू बरी झालीस की तुझ्या तुला. कळलं?"

"कळलं."

"आन माझ्यापास्नं लपवायचं न्हाई. विचार वाढला की हाक मारायची. मी वरडंन, पर यीन."

त्या खरंच ओरडायच्या आणि खरंच यायच्या. मी पहिल्यांदा हाक मारली तेव्हा लाज वाटली, काय म्हणून हाक मारावी ते कळेना. मी नुसतं म्हटलं, "सिस्टर, वाढलंय." त्यांनी हातातलं काम सोडलं नाही. तेच काम घेऊन माझ्या खाटेवर बसल्या आणि अर्धा ढीग माझ्यासमोर ढकलला. कापसाचे बोळे करायचे होते. मी एक करायची, त्या चार करायच्या. ती लाट यायची, डोक्यावरून जायची आणि मागं बोळ्यांची परडी भरलेली असायची. लाट ओसरते, हे मी तिथं शिकले. ती चढत असताना मात्र कधीच ओसरणार नाही असं वाटतं. तेवढा वेळ शेजारी माणूस लागतं.

मनाचे डॉक्टर आले. वयस्कर, हळू बोलणारे. त्यांनी पुष्कळ विचारलं, अण्णांनाही विचारलं. शेवटी म्हणाले, "शालनताई, हा आजार आहे. उदासपणाचा. बाळंतपणानंतर काही बायकांना होतो. याला औषध आहे."

"म्हणजे मी वेडी नाही?"

"नाही. आणि वाईट आईही नाही."

दुसरं वाक्य मी विचारलंच नव्हतं. पण तेच ऐकायला मी एवढे महिने थांबले होते. मी रडले. त्याआधी कित्येक दिवस मला रडूसुद्धा आलं नव्हतं.

अण्णांनी विचारलं, "म्हंजे हिवतापागत म्हणा की."

"तसंच समजा. गोळ्या वेळेवर घ्यायच्या. मध्येच बरं वाटलं म्हणून सोडायच्या नाहीत. आणि हिवतापासारखाच परत येऊ शकतो, तेव्हा न लाजता परत यायचं."

गोळ्यांनी तोंडाला कोरड पडायची, डोळ्यांवर झापड यायची. चालताना भिंत धरावी लागे. बरेच दिवस काहीच फरक पडला नाही आणि मी मनात म्हटलं, हेही फुकट. मग एका सकाळी वॉर्डातल्या चहाला चव आली. दवाखान्याचा चहा, नुसतं गोड पाणी. पण मी तो पूर्ण प्यायले आणि आणखी मागितला. मावशी म्हणाल्या, "आगं बया, हा च्या कुणी दुसऱ्यांदा मागितलेला मी आजवर बघितला न्हाई."

यांचं येणं

अण्णांनी तार केली होती. हे सुट्टी काढून आले, तसेच ट्रंक घेऊन थेट वॉर्डात. मी त्यांच्या नजरेला नजर देऊ शकले नाही.

"मी तिकडं बर्फात हुबा," ते म्हणाले, "घरी समदं ठीक हाय म्हणून हुबा. आन तू... माझं काय चुकलं ते तरी सांग."

"तुमचं काही चुकलं नाही."

"मग पोरांचं? आईचं?"

"कुणाचंच नाही."

हे त्यांना पटेना. गोळी लागली तर ती कुठून आली हे शोधायची त्यांना सवय. ते व्हरांड्यात येरझाऱ्या घालू लागले. सालोमी सिस्टरनी त्यांना बोलावलं. "हवालदारसायेब, बसा. तिला परत असं वाटलं तर तुमी काय कराल?"

"परत? परत कशाला वाटंल?"

"आजार हाय. वाटंल. तवा काय कराल ते सांगा."

हे ट्रंकेवर टेकले. मग म्हणाले, "आमच्यात पोस्टवर कुणी एकटा सारखा जागत न्हाई. पाळी बदलत्या. एकटा जागला की त्यो झोपतो, न्हाईतर त्येचं डोकं फिरतं." त्यांनी अण्णांकडं, आईकडं पाहिलं. "घरात तशाच पाळ्या लावू. हिच्यावर पहारा म्हणून न्हवं. हिच्या संगतीला."

त्या दिवशी दवाखान्यात, मी समोर बसलेली असताना, माझ्या घरच्यांनी पहिल्यांदा त्या गोष्टीबद्दल उघड बोलणं केलं. गोळ्या अण्णांकडं राहतील आणि एका वेळी आठवड्याच्याच मिळतील. विचार वाढला तर मी आईला "वाढलंय" एवढंच म्हणायचं, तिनं काही न विचारता शेजारी बसायचं. आत्याबाईंना सगळं खरं सांगायचं. हे स्वतः कोरेगावला जाऊन त्यांना सांगून आले, आणि येताना बबनला घेऊन आले. त्यानं मला विचारलं, "तुला बरं न्हवतं?" मी म्हटलं, "न्हवतं." तो म्हणाला, "मलाबी मागं खोकला झालता." आणि माझ्या मांडीवर बसला.

ज्याला कुणी विचारलं नाही

मी अण्णांच्या घरी परत आले. दर आठवड्याला गोळ्यांसाठी दवाखान्यात जायची आणि थोडा वेळ वॉर्डात बसून बोळे करून द्यायची.

एकदा गेले तर सालोमी सिस्टर टेबलाशी नुसत्या बसल्या होत्या. त्यांना रिकाम्या हातांनी बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. पुरुषांच्या वॉर्डातून एक तरुण विणकर काही दिवसांपूर्वी घरी गेला होता. तोही माझ्यासारखाच "चुकून" म्हणून आला होता. जखम भरली, टाके काढले, घरी पाठवला. घरी गेल्यावर त्यानं पुन्हा तेच केलं. या वेळी तो वाचला नाही.

"त्या वॉर्डात सिस्टर कमी हुत्या, मीच ड्रेसिंग करायला जायची," त्या म्हणाल्या. "रोज माझ्याशी हसून बोलायचा. मला वाटायचं विचारावं. पर वाटलं, विचारलं तर नसलेलं डोक्यात भरवल्यागत हुईल."

"सिस्टर, माझ्या डोक्यात ते आधीच होतं," मी म्हटलं. "डॉक्टरांनी विचारलं तेव्हा ते भरलं नाही. तेव्हा ते पहिल्यांदा बाहेर पडलं."

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. मग उठल्या. "हे डॉक्टरला सांग. माझ्यासमोर न्हवं, समद्यांच्या समोर सांग."

डॉक्टर पेंडशांनी दोन्ही वॉर्डांच्या नर्सेस, वॉर्डबॉय, मावशी यांना ड्रेसिंगच्या खोलीत जमवलं. एक वरिष्ठ डॉक्टरही आले. मी उभी राहिले. तिसरं वाक्य मी एवढ्या माणसांसमोर पहिल्यांदा तिथं म्हटलं.

वरिष्ठ डॉक्टर म्हणाले, "भावना समजतात. पण असं सरळ विचारलं तर नातेवाईक अंगावर येतील. आणि पोलिसांचं काय? तो खरं बोलला तर गुन्हेगार ठरतो."

त्यांचा प्रश्न रास्त होता. डॉक्टर पेंडसे म्हणाले, "पोलीस त्यांचं काम करतील, सर. पण त्यांच्या भीतीनं आपण आपलं काम सोडलंय. आपण आजार विचारायचा, गुन्हा नाही. नातेवाइकांना बाहेर बसवून विचारायचा."

बराच वाद झाला. एका मावशींनी विचारलं, "पर तोंडावर कसं इचारायचं वो? जीभ रेटत न्हाई." सालोमी सिस्टरनी त्यांना समोर बसवलं आणि सगळ्यांसमोर विचारून दाखवलं. मग एकेकाकडून म्हणवून घेतलं. पहिल्यांदा सगळे हसले, मग कुणी हसेना. त्या खोलीत त्या दिवशी तो प्रश्न इतक्या तोंडांतून गेला, की शेवटी शेवटी तो "पोटात दुखतंय का" इतका साधा वाटू लागला.

तिथून बरंच बदललं. असं कुणी आलं की त्याला टोमणा मारायचा नाही, ही सिस्टरची सक्त ताकीद होती. खाट टेबलाजवळ. वस्तू काढायच्या त्या सांगून. आणि घरच्यांशी उघड बोलल्याशिवाय, पुढची तारीख दिल्याशिवाय घरी सोडायचं नाही.

"तारखेला आला न्हाई तर?" कुणीतरी विचारलं.

नर्सेसना वॉर्ड सोडून गावोगाव जाता येणार नव्हतं.

"मी जाईन," मी म्हटलं.

विटा

सगळे वाचले असं मी म्हणणार नाही. एक बाई माझ्यासमोर दार लावून घ्यायची, आणि तिच्या घरच्यांनी तिला गाव बदलून दुसरीकडं नेलं. तिचं पुढं काय झालं मला माहीत नाही. माझा स्वतःचाही आजार मध्ये एकदा परतला. मी आईला "वाढलंय" म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी त्याच बाकड्यावर जाऊन बसले. या वेळी कुणी उठवलं नाही.

पण विट्याच्या इंदूचं सांगते. तिचा नवरा सोनं गाळायच्या दुकानात, लांब दक्षिणेकडच्या एका शहरात. ती सासूजवळ. दवाखान्यातून बरी होऊन गेली, दोन तारखांना आली आणि मग आली नाही. मी एसटीनं विट्याला गेले. घर शोधलं. सासू दारातच उभी राहिली.

"कोण तुमी?"

"सांगलीच्या दवाखान्यातनं आले. इंदूला बघायला."

"ती बरी हाय आता. पोरीबाळींच्या घरात दवाखान्याची माणसं नगं. लोक काय म्हणतील?"

"लोकांना सांगा, शिवणाची बाई आलीय," मी म्हटलं. "मी खरंच शिवण शिकवते."

सासू हसली नाही, पण बाजूला झाली. इंदू मागच्या सोप्यात शेंगा फोडत बसली होती. केस विंचरलेले, कुंकू ठळक, लुगडं नीट. बघणाऱ्याला वाटलं असतं, बाई अगदी ठणठणीत आहे. मी तिच्यासमोर बसले आणि सुपातल्या शेंगा फोडू लागले.

"आवं शालनताई, कशाला तरास घेतला एवढ्या लांबनं?" ती म्हणाली. "बरं वाटतंय मला."

"तारखेला आली नाहीस."

"काम हुतं."

मी तिच्याकडं बघितलं. तिचे हात थांबले होते. तवा जळत असताना माझे थांबायचे, तसेच.

"इंदू, जीव द्यायचा विचार येतोय का?"

सासू दारात होती. ती "आगं बया" म्हणून पुढं आली. इंदूनं तिच्याकडं पाहिलं नाही. खाली सुपाकडं बघत ती म्हणाली, "येतोय."

"किती दिवस?"

"तारीख चुकली त्येच्या आदुगरपास्नं."

सासूबाई मटकन खाली बसल्या. "मला का न्हाई सांगितलंस गं?" त्यांनी विचारलं. रागानं नाही, अगदी हळू.

"तुमी इचारलं न्हाई, आत्या."

मग सासूबाई उठल्या. मला वाटलं, आता मला बाहेर काढतील. त्यांनी चुलीवरची आमटी उतरवली, विस्तवावर पाणी मारलं आणि पदर डोक्यावर घेतला. "सांगलीची गाडी कवा हाय?" त्यांनी मला विचारलं.

"आत्ता निघालो तर मिळेल."

"मग मीबी येते," त्या म्हणाल्या, आणि इंदूचा हात धरून तिला उठवलं. "चल. चपला घाल."

इंदूनं चपला घातल्या.